लहान प्रेस आणि सात फुटांची पताका

प्रथम माझी चूक सांगतो. म्हणजे पुढील सांगणे सोपे जाईल.

सन २०२५ मध्ये ख्रिस्तराजाच्या सणास शंभर वर्षे पूर्ण व्हावयाची होती. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी एका विश्वपत्राद्वारे हा सण अखिल ख्रिस्तसभेसाठी सुरू केला. पहिल्या महायुद्धात युरोपातील जुनी सिंहासने कोसळली होती आणि नवे हुकूमशहा डोके वर काढीत होते. अशा काळी खरा राजा कोण, याचे स्मरण वर्षातून एकदा तरी भाविकांस व्हावे, हा त्यामागील हेतू. आरंभी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येत असे. १९६९ साली उपासनेच्या पंचांगात सुधारणा झाल्यावर तो उपासना-वर्षाच्या अखेरच्या रविवारी आला. त्यानुसार २०२५ मध्ये तो २३ नोव्हेंबर रोजी होता. मिरवणुकीच्या अग्रभागी त्या वर्षी नवी पताका असावी, असे माझ्या मनाने घेतले. आणि एकदा मनाने घेतले म्हणजे आम्ही पाद्री लोक फारसा विचार करीत नाही.

सौंसरच्या एका ख्रिस्ती घरात आई शिवणकाम करते आणि मुलगा कापडावर अक्षरे व चित्रे उमटविण्याचा लहानसा धंदा करतो. मी तेथे गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितले : पताका सात फूट लांब, चार फूट उंच. कापड पांढरे, सुती. वर मुकुट, खाली सोनेरी अक्षरांत दोन ओळी – ‘ख्रिस्तराजाचा’ आणि ‘विजय असो’. माय-लेकांनी एकमेकांकडे पाहिले. मग आई म्हणाली, “होऊन जाईल, फादर.” चहा घेऊन मी निघालो. त्यांचे यंत्र केवढे आहे, हे मी विचारले नाही. विचारावयास हवे, हेही मला सुचले नाही.

त्यांच्या प्रेसची प्लेट पंधरा इंच लांब आणि पंधरा इंच रुंद आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख ज्यांनी पाहिला नाही, अशा वाचकांसाठी चार शब्द. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, परंतु चुलीपुढची भाषा मराठी. काळी जमीन, कापूस आणि संत्री. २०२३ साली या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. सौंसर तहसिलीत बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची मोठी कापडगिरणी १९९१ पासून आहे. परंतु गिरणीचे कापड जगभर जाते. गावातील कबड्डी संघाचे बनियन, गणेश मंडळाचे सदरे आणि पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालावयाच्या झुली मात्र अशाच घरच्या ओसरीवर तयार होतात. पोळ्याचा सण या भागात मोठा. धन्याचे नाव झुलीवर सोनेरी अक्षरांत झळकले की धन्याची छाती फुगते; बैलाला त्याचे काय वाटत असेल, हे बैलच जाणे.

ज्यांनी हा प्रेस पाहिला नाही, त्यांनी शिंप्याची इस्त्री आणि वहीची पुठ्ठ्यावाली पाने एकत्र डोळ्यांपुढे आणावीत. खाली सपाट पाट, त्यावर रबराची गादी. वर ॲल्युमिनिअमची जाड प्लेट, तिच्या पोटात विजेची तार. दोन्ही भाग मागच्या बाजूस बिजागरीने जोडलेले. दांडा खाली ओढला की वही मिटावी तशी वरची प्लेट खालच्या पाटावर बसते आणि ठरलेल्या उष्णतेने, ठरलेल्या दाबाने, ठरलेले सेकंद दाबून धरते. उष्णता, दाब आणि वेळ – सारे शास्त्र या तिहींत आहे.

या प्रेसवर दोन निराळ्या जातींची कामे होतात आणि त्यांतील भेद कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या जातीत कागदावर विशिष्ट शाईने चित्र छापतात व तो कागद पॉलिएस्टरच्या कापडावर ठेवून सुमारे दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेने मिनिटभर दाबतात. शाईतील रंग वितळत नाही. कापूर जसा घनरूपातून एकदम वाफ होतो तसा तो वाफ होतो आणि उष्णतेने सैल झालेल्या धाग्याच्या आत शिरतो. थंड झाल्यावर तो धाग्यातच राहतो. हात फिरविला तर काही लागत नाही. १९५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये नोएल द प्लास या तंत्रज्ञाने ही युक्ती वापरात आणली. सुती कापडावर मात्र ती चालत नाही, कारण कापसाचा धागा त्या वाफेला घरात घेत नाही. दुसऱ्या जातीत रंगीत पातळ पापुद्रा – धंद्यात त्याला व्हिनाइल म्हणतात – यंत्राने अक्षराच्या आकारात कापतात. त्याच्या पाठीवर उष्णतेने चिकटणारा थर असतो, पुढून पारदर्शक आवरण असते. दीडशे-एकशे साठ अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबले की तो कापसावरही घट्ट बसतो. माझी पताका सुती. म्हणजे काम या दुसऱ्या जातीचे.

पहिल्या प्रयत्नात काय झाले, ते मी नंतर ऐकले. मुलाने ‘ख्रिस्तराजाचा’ हा पाच फूट लांबीचा शब्द प्लेटच्या मापाने चार तुकड्यांत कापला. पंधरा इंच, पुन्हा पंधरा इंच, पुन्हा पंधरा. पट्टी जेथे संपली तेथे कात्री चालली. ती ‘जा’च्या पोटातून गेली तरी गेली. मग डाव्या टोकापासून सुरुवात करून त्याने एकेक तुकडा दाबीत नेला. पहिला सुरेख बसला. दुसरा किंचित वर गेला. तिसऱ्यात ते वर जाणे वाढले, आणि चौथा बसविताना असे दिसून आले की शब्दाच्या डोक्यावरची रेघ तीन ठिकाणी पायरीसारखी तुटली आहे. शिवाय प्रत्येक वेळी प्लेटची कड जेथे टेकली, तेथे पांढऱ्या कापडावर पिवळट चौकोनाची खूण उमटली होती. जणू कोणी पताकेवर चार पाट मांडून पंगत बसविली होती.

मी गेलो तेव्हा मुलगा खाली मान घालून बसला होता. “नागपूरले नेऊन छापून आणतो, फादर,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या मोठ्या मशीनवर. तुम्हाला पत्ताही लागला नसता.”

“मग नेले का नाही?”

त्याने आईकडे पाहिले. आई म्हणाली, “कारण तुम्ही आमच्या हातानं करायला सांगितलं होतं जी. नेलं असतं तर तुम्हाला सांगून नेलं असतं.”

खराब झालेल्या कापडाचे आणि व्हिनाइलचे पैसे मी पुढे केले. तिने घेतले नाहीत. “हात आमचा चुकला. तुम्ही काहून पैसे द्याल?” मी म्हणालो, “ताई, माप मी सांगितले आणि तुमचे यंत्र केवढे ते विचारलेही नाही. अर्धी चूक माझी.” बराच वेळ वाद झाला, शेवटी अर्धे पैसे घेण्यास ती कबूल झाली. प्रेस कर्जाने घेतलेला आहे आणि हप्ता प्रत्येक महिन्याला ठरल्या तारखेस येतो, हे मला ठाऊक होते. त्या घरात अशा एका फसलेल्या कामाचा अर्थ काय होतो, ते वाचकांस सांगावयास नको.

आता प्रश्न एवढाच उरला की हे काम त्या प्रेसवर होऊ शकते की नाही. सण तीन आठवड्यांवर होता. मी यंत्रातला जाणकार नव्हे. परंतु सेमिनरीत असताना ख्रिस्ती कलेचा इतिहास थोडाबहुत शिकलो होतो, आणि त्या रात्री मला दोन गोष्टी आठवल्या.

पहिली, फ्रान्समधील बायो या गावच्या सुप्रसिद्ध भरतकामाची. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्याची कथा त्यावर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहे. अकराव्या शतकातील हे काम. रुंदी जेमतेम अर्धा मीटर आणि लांबी सुमारे सत्तर मीटर! १४७६ च्या एका यादीत ते बायोच्या कॅथीड्रलच्या मालमत्तेत नोंदलेले आहे. एवढे लांब कापड विणण्याचा माग कोणाकडे असणार? ते तागाचे नऊ तुकडे जोडून केलेले आहे. आणि त्यातील गंमत अशी की पहिल्या जोडावर वरच्या काठाची नक्षी जुळत नाही. एका तुकड्यावरची रेघ वर, दुसऱ्यावरची खाली. पुढच्या जोडांत मात्र कारागिरांनी युक्ती सुधारली. ते जोड शोधूनच काढावे लागतात. नऊशे वर्षांपूर्वी त्या हातांनाही पहिला जोड चुकल्यावरच दुसरा कळला.

दुसरी गोष्ट रोमच्या सिस्टीन चॅपेलची. १५०८ ते १५१२ या काळात मायकेलअँजेलोने ते छत रंगविले, ते ओल्या गिलाव्यावर. गिलावा वाळला की रंग आत मुरत नाही. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावावयाचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी नवा तुकडा. इटालियन भाषेत या तुकड्याला ‘जोर्नाता’, म्हणजे एका दिवसाचे काम, असे म्हणतात. हे तुकडे चौकोनी नसतात. त्यांची कड शक्यतो आकृतीच्या बाह्यरेषेवरून, वस्त्राच्या चुणीवरून, जेथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो अशा जागेवरून नेतात. खाली उभे राहून पाहणाऱ्याला आकृतीची रेघ दिसते. जोड तिच्याआड लपतो.

दुसऱ्या दिवशी मी हे माय-लेकांस सांगितले. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे तर शिवणातही तसंच आहे, फादर. जोड लपवायचा असला तर चुणीत घ्यायचा.” म्हणजे मी रोमला जाऊन जे आणले, ते तिच्या सुईच्या टोकावर आधीच होते! पण मग मुलानेच खरा प्रश्न काढला. “आपल्या अक्षराले चुणी कुठं आहे? इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपल्या शब्दाच्या डोक्यावर तर सरळ रेघ चालते. कुठंही कापा, जोड दिसतेच.”

वाचकहो, या धंद्यातील सगळी सूचनापत्रके रोमन अक्षरांसाठी लिहिलेली असतात, हे मला त्या क्षणी उमगले. तेथे दोन अक्षरांमध्ये रिकामी जागा असते. कात्रीने तेथून जावे, कोणाच्या लक्षातही येणार नाही. देवनागरीत शिरोरेखा सर्व अक्षरांस एका दोरीत ओवते. सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा जरी एखादे अक्षर खालीवर झाले, तरी ती रेघ ते दहा पावलांवरून सांगते. आपल्या लिपीचे जे सौंदर्य, तेच या कामातले संकट.

उपाय आईने काढला. तिने खडूने जमिनीवर शब्द लिहिला, पुन्हा पाहिला आणि हाताने वरची रेघ पुसून टाकली. खाली पाच सुटी अक्षरे उरली : ख्रि, स्त, रा, जा, चा. “ही आधी एकेक बसव. मग वरून एकच लांब पट्टी लाव. साडीला काठ लावतो तशी.”

सारी युक्ती एवढीच. शिरोरेखा ही अक्षरांची नव्हे, शब्दाची म्हणून वेगळी कापावयाची. प्रत्येक अक्षर बारा इंचांच्या आत बसते, म्हणजे पंधरा इंची प्लेटखाली ते अखंड जाते. कोणत्याही अक्षराचे पोट फाडावे लागत नाही. अक्षरांची वरची टोके पट्टीखाली सूतभर जातील एवढी लांब ठेवावयाची. आणि पाच फुटांची पट्टी? ती न कापता अखंडच कापडावर मांडून टप्प्याटप्प्याने दाबीत न्यावयाची. वरचे पारदर्शक आवरण मात्र शेवटचा टप्पा दाबून होईपर्यंत काढावयाचे नाही. दाब पाच वेळा पडला तरी पट्टी एकच, म्हणून जोड नाहीच. ‘विजय असो’ला दोन पट्ट्या, कारण शब्द दोन. ‘वि’ची वेलांटी आणि ‘सो’ची मात्रा रेघेच्या वर जातात, त्या आपापल्या अक्षरासह आधी बसतात आणि पट्टी त्यांवरून जाते.

परंतु जोडाचा प्रश्न सुटला म्हणजे सगळे सुटले असे नव्हे. पहिल्या वेळी तुकडे वर का चढत गेले? मुलगा म्हणे, हात हलला. आईचे म्हणणे निराळे होते, आणि तेच बरोबर ठरले. सुती कापडात दमटपणा असतो. पहिली उष्णता लागताच तो निघून जातो आणि कापड आक्रसते. ज्या चौकोनावर प्लेट बसली तो आक्रसला, शेजारचा अद्याप तसाच. म्हणजे पुढचे माप घ्यावयाचे ते अशा कापडावर, ज्याचा अर्धा भाग एका मापाचा आणि अर्धा दुसऱ्या! लहान कामात हे कळत नाही, कारण एका दाबात सगळे आटोपते. मोठ्या कामात प्रत्येक दाबागणिक ती चूक साठत जाते.

म्हणून दुसऱ्या कापडाला आधी पाण्यात भिजवून वाळविले. मग अक्षर लावण्यापूर्वी सगळ्या पताकेला एकदा कोरडी उष्णता दिली. सात फूट म्हणजे चौऱ्यांशी इंच. चौदा इंचांचे सहा भाग. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. बारा इंचांचे चार भाग. सहा चोक चोवीस वेळा प्रेस उघडला आणि मिटला. प्रत्येक वेळी पंधरा सेकंद धरले तरी चोवीस दाबांची मिळून उष्णता केवळ सहा मिनिटांची. पण कापड सरकविणे, सारखे करणे, पुन्हा पाहणे, यात संध्याकाळ गेली. या कामात यंत्र फार थोडा वेळ चालते. बाकीचा वेळ माणूस चालतो.

एवढे मोठे कापड लहान प्रेसमध्ये घालावयाचे कसे, हीही एक विद्या आहे. बिजागरी मागे असल्याने कापडाचा मोठा भाग नेहमी आपल्या अंगाकडे लोंबता ठेवावा आणि लहान भागच मागे जाऊ द्यावा. चार ओळींपैकी दोन ओळी एका बाजूने करून कापड फिरवावे आणि उरलेल्या दोन दुसऱ्या बाजूने कराव्यात. मग मागे कधीही एका ओळीच्या रुंदीहून अधिक कापड जात नाही. ते चुणीदार दुमडून, वरच्या तापलेल्या प्लेटला लागणार नाही असे ठेवता येते. दोन्ही बाजूंस प्रेसच्या पाटाएवढ्याच उंचीची टेबले लावावीत. नाहीतर लोंबणारे कापड स्वतःच्या वजनाने ओढले जाते आणि मांडलेले अक्षर तिरपे होते. आमच्याकडे टेबले नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गातील दोन बाके आणि त्यांवर विटा, असे जमविले.

पिवळट चौकोन टाळण्याचा उपाय फार साधा निघाला. प्लेटच्या कडेचा दाब कापडावर येतो म्हणून खूण उमटते. तेव्हा अक्षराखाली, कापडाच्या पाठीमागे, प्लेटहून लहान अशी जाड गादी ठेवावी. प्लेट गादीवर टेकते, तिची कड अधांतरी राहते आणि खूण पडत नाही. ही गादी बाजारात तयार मिळते. आईने जुन्या लोकरी शालीच्या चार पदरी घडीवर टेफ्लॉनचा कागद गुंडाळून ती घरीच केली. टेफ्लॉनचाच दुसरा कागद आधी बसलेल्या अक्षरांवर टाकावयाचा, म्हणजे पुढच्या दाबात ती प्लेटला चिकटत नाहीत. हा निसरडा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत एका रसायनशास्त्रज्ञाच्या हाती योगायोगाने लागला. दुसऱ्याच वायूचा शोध घेत असता सिलिंडरच्या तळाशी ही पांढरी भुकटी साचलेली निघाली. आज ती आमच्या सौंसरच्या ओसरीवर आहे.

आता मांडणीचा क्रम. कापडाची लांबीत आणि उंचीत मधोमध घडी घालून तिच्यावर इस्त्री फिरविली. जेथे दोन घड्या छेदतात तो मध्य. खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांस ताणून सुतारासारखा झटका दिला आणि शिरोरेखेची ओळ उठविली. मग मधले अक्षर, ‘रा’, पहिले बसले. त्यानंतर उजवे, मग डावे, पुन्हा उजवे, पुन्हा डावे. मधून सुरुवात केली म्हणजे चूक झालीच तर दोन्हींकडे वाटली जाते आणि डोळ्यांत भरत नाही. टोकापासून निघालो तर सगळी चूक दुसऱ्या टोकाला जाऊन जमते. प्रत्येक अक्षर आधी चार-पाच सेकंदच दाबले, केवळ जागा धरण्यापुरते. पाचही अक्षरे ओळीत आहेत असे दोरा ताणून पाहिल्यावर पट्टी ठेवली आणि मग पूर्ण वेळ दाब दिला. कापणी करताना अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कापावी लागतात, हे सांगावयाचे राहिलेच. ‘स्त’ एकदा सुलटा कापला गेला. तो भिंतीवर लावलेला आहे, आठवणीसाठी.

मुकुट अठरा इंच रुंद, म्हणजे प्लेटहून मोठा. तो तीन तुकड्यांत केला आणि जोड तेथेच ठेवले, जेथे मुकुटाच्या दोन पाकळ्या भेटतात. येथे मायकेलअँजेलो उपयोगी पडला, असे मी म्हणालो. आई हसली, काही बोलली नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. हे वाचून एखाद्या धर्मग्रामातील उत्साही तरुणाने प्रभूचे किंवा पवित्र मरियेचे पुरुषभर रंगीत चित्र लहान प्रेसवर चौकोन जोडून करावयास घेऊ नये. ज्या चित्राला मागे आकाश आहे, रंगातून रंग हळूहळू बदलत जातो, तेथे लपावयास जागाच नाही. वाफ होणाऱ्या रंगाचे काम तर तुकड्यांनी करूच नये. प्लेटच्या कडेजवळ उष्णता कमी, म्हणून रंग फिका उतरतो. शेजारचा दाब त्याच जागी पुन्हा पडला की तेथे वेगळीच छटा येते. कागद केसभर हलला तर चेहऱ्याला दुसरी सावली उमटते. आणि चेहऱ्यावर जोड कधीही येऊ देऊ नये, मग तो संताचा असो वा पुढाऱ्याचा. अशी कामे तापलेल्या मोठ्या फिरत्या पिंपावर होतात. कापड आणि कागद एकत्र त्यावरून सरकत जातात व कितीही लांब चित्र अखंड उतरते. सुरतेत पॉलिएस्टर कापड अशा रीतीने थानेच्या थाने छापले जाते. ते काम त्यांच्याकडेच द्यावे. त्यात कमीपणा नाही. आपल्या प्रेसवर काय होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा कारागीर मला अधिक विश्वासाचा वाटतो. आता त्या ओसरीवर प्लेटच्या मापाचा एक पुठ्ठा टांगलेला आहे. मोठे काम घेऊन येणाऱ्याच्या हाती तो देऊन मुलगा म्हणतो, “तुमच्या चित्रावर ठेवून पाहा.” हा पुठ्ठा मला पहिल्या दिवशी दाखविला असता, तर एक पताका वाचली असती. पण फादरला पुठ्ठा कोण दाखविणार?

सुरक्षिततेविषयीही लिहिणे माझे कर्तव्य आहे, कारण हे यंत्र पुष्कळदा स्वयंपाकघराच्या शेजारी, लहान मुलांच्या वावरात असते. पंधरा इंची प्रेस साधारण दीड हजार वॅटच्या आसपास वीज घेतो. त्याला भिंतीतील स्वतंत्र, जाड तारेचा प्लग हवा. लांबविलेल्या बारीक वायरवर तो चालवू नये. पाट्यांवर चिकटवितात ते स्वस्त स्टिकर-व्हिनाइल कापडासाठी कधी वापरू नये. ते पीव्हीसीचे असते, वितळून प्लेट खराब करते आणि फार तापले तर त्यातून घातक धूर निघतो. खिडकी उघडी ठेवावी. आणि बंद केलेला प्रेस बराच वेळ तापलेला राहतो, हे मुलांना एकदा नव्हे, दहा वेळा सांगावे.

एका वाचकाने मागे विचारले होते की देवालयात अशी वस्त्रे चालतात काय. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण नियमावलीत वेदीवर निदान एक पांढरे वस्त्र असावे असे सांगितले आहे. पवित्र वस्त्रांसाठी त्या त्या देशातील नैसर्गिक धागे चालतात, आणि उपासनेच्या प्रतिष्ठेस शोभतील असे कृत्रिम धागेही चालतात. वस्त्राचे सौंदर्य भरगच्च अलंकारांत नसून कापडात आणि घडणीत असावे, असाही तेथे रोख आहे. पताका, तोरणे, गायनवृंदाचे पट्टे यांवर प्रेसची अक्षरे खुशाल असावीत. वेदीवरील पांढरे वस्त्र मात्र साधेच ठेवावे, असे माझे मत. ज्या वस्त्रावर प्रभूचे शरीर व रक्त ठेवले जाते, त्याला दुसऱ्या अक्षरांची गरज काय?

पताका सणाच्या पाच दिवस आधी पूर्ण झाली. पूर्ण पैसे आईने या वेळी मुकाट्याने घेतले. २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दोन तरुणांनी तिचे दांडे धरले आणि मिरवणूक निघाली. उन्हे कलती होती. सोनेरी अक्षरे दुरून वाचता येत होती. रस्त्याच्या कडेला उभे असलेले हिंदू शेजारीही ती मोठ्याने वाचीत होते. माझ्या मागून चालणारी आई मात्र वाचीत नव्हती, पाहत होती. वळणावर ती जरा पुढे आली आणि हळूच म्हणाली, “फादर, ‘स्त’ अर्धा सूत खाली आहे.”

मी पाहिले. मला दिसला नाही.

पताका आता घडी न घालता, अक्षरे बाहेरच्या बाजूस ठेवून, प्लास्टिकच्या पाइपावर गुंडाळून ठेवलेली आहे. घडी घातली की व्हिनाइलवर कायमची रेघ पडते. पहिल्या, बिघडलेल्या पताकेचा मधला भाग कापून आईने धर्मशिक्षणाच्या वर्गातील पुस्तकांच्या कपाटाला पडदा केला आहे. त्यावर ‘राजा’ एवढेच उरले आहे आणि ‘जा’च्या पोटातून गेलेला जोड स्पष्ट दिसतो. वर्गात राजा नावाचा एक मुलगा आहे. कपाट आपलेच आहे, असे तो इतरांस सांगत असतो.